हंगामाचा आंबटपणा: धानपट्ट्यातल्या हिरव्या कोशिंबिरीचा इतिहास

कच्च्या हिरव्या पाल्याचं सॅलड आपल्याकडे साहेबाबरोबर आलं आणि त्यावर ओतायचं फळांच्या रसाचं, तेलाचं मिश्रण तर अलीकडे मोठ्या शहरांतल्या हॉटेलांतून आलं, अशी सर्वसाधारण समजूत आहे. सौंदडसारख्या गावाच्या शेतीकडे आणि ताटाकडे नीट पाहिलं की ही समजूत अपुरी ठरते. सौंदड हे गोंदिया जिल्ह्याच्या सडक अर्जुनी तालुक्यातलं, चुलबंद नदीच्या खोऱ्यातलं गाव. १ मे १९९९ ला गोंदिया जिल्हा वेगळा झाला, त्याआधी हा सगळा मुलूख भंडारा जिल्ह्यात होता. नागपूरहून रायपूरकडे जाणारा जुना हमरस्ता इथून जातो. गोंदिया-नागभीड-बल्लारशा मार्गावरचं रेल्वे स्थानकही गावाला आहे. भोवती धानाच्या बांध्या, माजी मालगुजारी तलाव, बोड्या आणि झाडीचं जंगल. अशा मुलखात कच्चा पाला, आंबट रस आणि तेल एकत्र आणून खाण्याची रीत आतून वाढलेली आहे, असं माझं म्हणणं आहे. युरोपातल्या सॅलडशी तिचं साम्य आहे, पण तिच्यातला आंबटपणा बाटलीत साठवलेला नसतो. तो ज्या त्या महिन्याच्या झाडावरून, वेलीवरून, रोपावरून येतो. म्हणून तिचा इतिहास पाककृतींच्या वहीपेक्षा पिकांच्या फेऱ्यात अधिक सापडतो.

आधी शिरक्याचं पाहू, कारण युरोपी सॅलडच्या रसाचा तोच पाया आहे. फ्रेंच रीतीत साधारण तीन वाटे तेल आणि एक वाटा शिरका धरतात. शिरका तयार होतो तो सौम्य मद्यातून. हवेतले जिवाणू मद्यार्काचं ॲसेटिक आम्लात रूपांतर करतात, पण मद्यार्काचं प्रमाण फार वाढलं की त्यांचं काम थांबतं. म्हणजे ज्या प्रदेशात द्राक्षाची वाइन किंवा ताडी-माडीसारखं सौम्य पेय मुबलक असतं आणि ते साठवून ठेवायची सवय असते, तिथे शिरका जवळपास आपोआप घरात येतो. फ्रान्समध्ये हे घडलं. गोव्यात पोर्तुगीजांची शिरक्याची चव माडाच्या सुरेत उतरली आणि तिथल्या ख्रिस्ती स्वयंपाकघरात ती मुरली. उत्तर हिंदुस्थानात उसाच्या आणि जांभळाच्या रसाचा सिरका झाला. चुलबंदच्या खोऱ्यात मात्र दारू मोहाची, आणि मोहाची दारू गाळून घेतलेली, म्हणजे कडक. कुजत ठेवलेली मोहफुलं भट्टीवर चढली की आंबायला मागे काही उरत नाही आणि गाळलेली दारू आंबत नाही. शिवाय इंग्रज अमदानीत अबकारीचा अंमल कडक झाला आणि घरी दारू गाळणं हा गुन्हा ठरला. आंबवलेलं पेय मडक्यात महिनोन् महिने ठेवण्याची मुभाच त्यामुळे संपली. शिरका इथे का रुजला नाही, याचं उत्तर चवीच्या नावडीत शोधायचं कारण नाही. इथलं मद्य आणि इथला कायदा, दोन्ही त्याच्या आड आले.

मग आंबटपणा कुठून आला? पावसाळ्यात अंबाडीचा पाला येतो. पावसाळा सरता सरता त्याच अंबाडीची लाल बोंडं येतात, त्यांची चटणी आणि सरबत करतात. हिवाळ्यात आवळा आणि बोरं. हिवाळा उतरू लागला की नवी चिंच झाडावरून खाली येते आणि कवठं पिकतात. चैत्रात कैरी. लिंबू जवळजवळ बारमाही. रसायनशास्त्राच्या नजरेनं पाहिलं तर ही यादी फार बोलकी आहे. चिंचेत मुख्यतः टार्टारिक आम्ल असतं, आणि द्राक्षाचं मुख्य आम्लही तेच. लिंबात सायट्रिक आम्ल आहे. कच्च्या कैरीत सायट्रिक आणि मॅलिक दोन्ही सापडतात. वाइनच्या शिरक्याला जी फळांची चव असते, ती त्यात उरलेल्या फळाच्या आम्लांमुळे असते. त्याचा झोंबणारा वास तेवढा ॲसेटिक आम्लाचा. तो वास वगळला तर फळाची आम्लं धानपट्ट्यातल्या माणसाच्या हाती थेट येत होती, मधे मद्याची पायरी न घेता. इथली कोशिंबीर फळांच्या रसाची झाली ती या साधनांमुळे. दुसरं आम्ल मुबलक नव्हतं आणि हे सहज मिळत होतं.

या सगळ्यांत सर्वांत विलक्षण आम्ल हरभऱ्याचं. हरभऱ्याच्या पानांवर, देठांवर आणि घाट्यांवर बारीक लव असते. त्या लवेच्या टोकांवर आंबट द्रव पाझरतो. शेतकरी त्याला आंब म्हणतात. त्यात मुख्यतः मॅलिक आम्ल असतं, म्हणजे सफरचंदाला ज्यामुळे आंबटपणा येतो तेच, आणि जोडीला ऑक्झॅलिक. हा द्रव रोपाचं हत्यार आहे, त्यातल्या ऑक्झॅलिक आम्लामुळे घाटेअळीची वाढ खुंटते. थंडीच्या दिवसांत रात्री उभ्या हरभऱ्यावर पातळ फडकं पसरायचं आणि पहाटे दंवाने भिजलेलं ते फडकं पिळून घ्यायचं, ही आंब गोळा करायची जुनी पद्धत. वैद्यकात ती चणकाम्ल म्हणून ओळखली जाते आणि पोटदुखी-अपचनावर तिचा उपयोग सांगितला आहे. जॉर्ज वॅट यांनी १८८९ ते १८९३ या काळात हिंदुस्थानच्या आर्थिक उपयोगाच्या पदार्थांचा जो मोठा कोश काढला, त्यात हरभऱ्याच्या नोंदीत या द्रवाची आणि तो कापडावर टिपून घेण्याच्या रीतीची दखल आहे. इंग्रज लेखकांना त्याचं वर्णन करताना शिरक्याचा शब्द वापरावासा वाटला, हे लक्षात घेण्यासारखं आहे. शिरका काय काम करतो ते त्यांना ठाऊक होतं, आणि तेच काम करणारी वस्तू त्यांना इथल्या शेतात उभी दिसली. घरोघरचा नियम याच ज्ञानातून आला आहे: हरभऱ्याची कोवळी भाजी धुवायची नाही, झटकून, निवडून घ्यायची, कारण पाण्याबरोबर आंब निघून जाते. इथे पाला स्वतःच आपला रस घेऊन ताटात येतो.

हा पाला आला कुठून, हे कळायला धानाच्या शेतीकडे पाहावं लागतं. भंडारा-गोंदियाच्या बांध्यांत उतेऱ्याची पद्धत जुनी. धान उभं असतानाच, कापणीच्या आधी, ओल्या चिखलात लाखोरी, जवस यांचं बी फेकायचं. धान कापलं जातं तोवर ते उगवलेलं असतं आणि उरलेल्या ओलीवर, नांगरट न करता, पीक हाती येतं. हरभरा धान निघाल्यावर किंवा जरा उंचावरच्या जमिनीत येतो. रोप महिन्याभराचं झालं की त्याचे शेंडे खुडतात, म्हणजे फुटवे जास्त येतात आणि घाटे वाढतात. खुडलेला शेंडा हे पीक वाढवण्यासाठी काढलेलं उरलंसुरलं, त्याला वेगळी मेहनत नाही, वेगळं पाणी नाही. तो कच्चा खाल्ला जातो, शिजवला जातो आणि सुकवून उन्हाळ्यासाठी ठेवलाही जातो. त्याच बांधीत जवस असतो, आणि जवसाचं तेल हे विदर्भातलं जुनं खाण्याचं तेल. ऊस पिकवून गूळ करणारे कोहळी याच मुलखातले. तलाव बांधण्याचं त्यांचं कसब रसेल या इंग्रज अधिकाऱ्याने मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवरच्या १९१६ च्या ग्रंथात नोंदवलं आहे. नवेगाव बांधचा प्रचंड तलाव कोलू पाटील कोहळी यांच्या नावाशी जोडलेला आहे. आता हिशेब मांडा: पाला, आम्ल, तेल, गूळ, सगळं दोन-चार कोसांच्या आत. बाहेरून आणायचं ते फक्त मीठ.

करण्याची रीतही पाहण्यासारखी आहे. विदर्भ, खानदेश, मराठवाडा इथे तिला घोळाणा म्हणतात. कोवळी मेथी, हरभऱ्याचे शेंडे किंवा कांद्याची पात बारीक चिरायची. वर मीठ, तिखट, लिंबू किंवा कैरीचा कीस, दाण्याचं नाहीतर तिळाचं कूट, आणि शेवटी कच्चं तेल. हाताने घोळून लगेच वाढायचं. ही घाई उगाच नाही. मीठ पानातलं पाणी ओढून घेतं आणि तेल पानावरचा मेणचट थर भेदून आत शिरतं. दोन्ही मिळून पंधरा-वीस मिनिटांत पाला मलूल करतात. म्हणून भाकरी ताटात आल्यावरच घोळाणा घोळायचा. कुटाचं कामही नेमकं आहे. फ्रेंच पद्धतीत मोहरीची पूड तेल आणि शिरका यांना एकमेकांत धरून ठेवते. इथे ते काम कूट करतं, रस शोषून घेतं आणि तेलाबरोबर पानाला चिकटून राहतं. विदर्भात कोथिंबिरीला सांभार म्हणतात. तो इथे सजावटीसाठी नसतो, मूठभर चिरून पाल्यात मिसळला की तोही भाजीच होतो.

इथे पहिला आक्षेप येईल तो पुराव्याचा. असा पदार्थ इथे जुना असेल तर तो लिहिलेला कुठे आहे? भंडारा जिल्ह्याचं गॅझेटियर १९०८ साली निघालं, त्याचे संपादक रसेल. त्यांचा भर सारा, पिकं, जाती, दुष्काळ यांवर होता. शेतात खुडलेल्या शेंड्यांचं काय होतं, हा त्यांच्या कामाचा प्रश्न नव्हता. छापील मराठी पाककृतींकडे वळलं तर लक्ष्मीबाई धुरंधर यांचं 'गृहिणी-मित्र' १९१० चं आणि कमलाबाई ओगले यांचं 'रुचिरा' १९७० चं. ही पुस्तकं मुख्यतः शहरी, सुशिक्षित घरांसाठी लिहिलेली. झाडीपट्टीतल्या मजुराच्या दुपारच्या भाकरीजवळचं तोंडीलावणं त्यांत शोधणं रास्त नाही. कागद गप्प आहे म्हणून पदार्थ नव्हता असं मानलं, तर गरिबांच्या बहुतेक खाण्याचा इतिहासच पुसावा लागेल. मात्र याच आक्षेपाचा एक भाग मान्य करायलाच हवा. आजचा घोळाणा जसाच्या तसा प्राचीन नाही. मिरची सोळाव्या शतकात पोर्तुगीजांमुळे आली. भुईमूग आणि टोमॅटो हेही अमेरिका खंडातले, आणि त्यांचा ग्रामीण ताटापर्यंतचा प्रवास बराच उशिराचा. तेव्हा दाण्याचं कूट आणि लाल तिखट हे थर नवे. काढून टाकले तर खाली उरतं ते पाला, जवस किंवा तीळ, आंबट फळ आणि मीठ. हा सांगाडा मात्र या पिकांइतका जुना असू शकतो, कारण त्याला लागणारं सगळं इथे फार आधीपासून पिकत होतं.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा. धानपट्ट्यात कच्चा पाला खातात तरी किती? तरोटा, कुड्याची फुलं, बांबूचे वास्ते, लाखोरीचे कोवळे शेंडे, या रानातल्या आणि शेतातल्या भाज्या शिजवूनच खाल्ल्या जातात. घोळाण्याचं नाव खानदेश-मराठवाड्याच्या ज्वारीच्या पट्ट्यात अधिक ऐकू येतं, भाताच्या पट्ट्यात कमी. हे खरं आहे, आणि म्हणूनच दावा मोजूनमापून करायला हवा. इथे कच्चं खाणं हे हिवाळ्यापुरतं, कोवळ्या पाल्यापुरतं, शेतावरच्या ताज्या खुडीपुरतं होतं. त्याला कारणं होती. पावसाळ्यातलं पाणी गढूळ, तलावाकाठची माती घाण, अशा वेळी पाला उकळणं हेच शहाणपण. हिवाळ्यात पाऊस थांबलेला, पाला दंवाने भिजलेला आणि आंबेने भरलेला असतो. तेव्हा कच्चं खाण्यात धोका कमी आणि चव सर्वांत जास्त. कच्च्या खाण्यामागे जसा विचार होता, तसाच शिजवण्यामागेही होता. शिवाय मराठी ताट पाहा. डाव्या बाजूला मीठ, लिंबाची फोड, चटणी, कोशिंबीर. तेल-आंबटाचा रस आधी पाल्यावर ओतून आणायचा नाही, लिंबाची फोड ताटात द्यायची आणि जेवणाऱ्याने ती हवी तितकी पिळायची. सॅलडचा रस इथे वेगळ्या भांड्यात नसला तरी ताटात होता, फक्त तो मिसळायचा अधिकार जेवणाऱ्याकडे होता.

साहेबाचं सॅलड या मुलखात आलं तेव्हा काय झालं, हेही पाहू. वायव्हर्न या टोपणनावाने केनी-हर्बर्ट यांनी १८७८ साली मद्रासमधून स्वयंपाकावर पुस्तक काढलं, त्यात सॅलडवर स्वतंत्र प्रकरण आहे. पण हिंदुस्थानातल्या साहेबी घरात कच्च्या पाल्याची धास्तीच फार. पटकीच्या भीतीने भाजी पोटॅशियम परमँगनेटच्या गुलाबी पाण्यात बुडवून ठेवत. ते सॅलड छावणीच्या आणि बंगल्याच्या चौकटीत राहिलं. रस्त्याने आणि रेल्वेने, विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात आलेल्या नागभीडकडच्या छोट्या गाडीने, तांदूळ, जवस आणि जंगलचा माल बाहेर गेला. लेट्यूस गावात आलं नाही. पुढे हमरस्त्यावरच्या ढाब्यांनी 'ग्रीन सलाड' म्हणून जे आणलं, ते काकडी, कांदा, टोमॅटोच्या चकत्या आणि लिंबाची फोड. नाव परकं, पण रचना आपल्या ताटाच्या डाव्या बाजूचीच. शिरका आणि तेल मागे पडलं, लिंबू टिकलं. एका परक्या पदार्थाने इथे येऊन कोणतं अंग टाकलं आणि कोणतं धरलं, यावरून इथली मूळ सवय स्पष्ट होते.

गेल्या पन्नास-साठ वर्षांत ही सवय आतून पोखरली गेली, आणि त्याला परका पदार्थ जबाबदार नाही. सिंचन वाढलं तसं उन्हाळी धान आलं. ज्या बांधीत हिवाळ्यात लाखोरी, जवस उभे असत तिथे पुन्हा रोवणी होऊ लागली. हार्वेस्टर आले, त्यांच्या चाकांखाली उतेऱ्याचं कोवळं रोप तगत नाही. लाखोरीच्या बियांतल्या विषारी घटकामुळे १९६१ साली तिच्या विक्रीवर बंदी आली. बंदीमागे आरोग्याचं कारण होतं, पण उतेऱ्याचं बाजारातलं मोल तिने घटलं. जवसाचं तेल मागे पडून बाजारातलं रिफाइंड तेल आलं. तणनाशक आणि कीटकनाशक फवारलेल्या हरभऱ्याचे शेंडे न धुता खाणं आता शहाणपणाचं नाही, त्यामुळे आंब धुतली जाते आणि तिच्याबरोबर चवीचं कारणही. पीक बदललं, म्हणून खाणं बदललं.

शेवटचा आक्षेप व्यवहाराचा: लिंबू आहे, बाजारात शिरक्याची बाटली आहे, मग हा हंगामाचा हिशेब कशाला जपायचा? एक कारण आरोग्याचं. पाल्यातलं लोह शरीरात शोषलं जायला क जीवनसत्त्व मदत करतं, आणि आवळा, लिंबू, कैरी ताजी असताना ते भरपूर देतात. शिरक्याच्या बाटलीत ते जवळपास नसतं. दुसरं कारण शेतीचं. एकाच आम्लावर सगळं वर्ष चालवलं तर आवळ्याची, कवठाची, बोरीची, अंबाडीची झाडं-झुडपं निरुपयोगी ठरतात, आणि जे निरुपयोगी ठरतं ते बांधावरून तोडलं जातं. तिसरं कारण इतिहासाचं, आणि माझ्या दृष्टीने तेच महत्त्वाचं. घरी फळांच्या रसाचं सॅलड करायला निघालेल्या आजच्या स्वयंपाकघराला ही परंपरा अगदी कामाचं मार्गदर्शन देते. पौषात आवळ्याचा कीस पिळून काढलेला रस, चिमूटभर गूळ, मीठ आणि तिप्पट नव्हे, जेमतेम दुप्पट जवसाचं तेल, कारण आवळ्याचा तुरटपणा जास्त तेलात दबतो. चैत्रात कैरीचा कीस, वर भाजलेल्या तिळाचं कूट. कवठ असेल तर गर गाळून, गूळ वाढवून. पावसाळ्यात पाला शिजवायचा आणि आंबट अंबाडीकडून घ्यायचं. सौंदडला सॅलड कोणी शिकवायची गरज नाही. गरज आहे ती हरभऱ्याचा एखादा वाफा फवारणीविना ठेवण्याची, बांधावरची आवळा-बोरीची झाडं टिकवण्याची आणि थोडा तरी जवस परत पेरण्याची. ही तीन कामं झाली तर रस काय घालायचा हे महिना सांगेल, आणि त्याची नोंद या वेळी कोणी तरी लिहूनही ठेवायला हवी.